जुने अ‍ॅडव्हेंचर गेम: बॉक्ससकट जपायचे की नुसते खेळायचे?

फ्लॉपीप्रेमी: माझं मत आधीच सांगून टाकतो, जुना अ‍ॅडव्हेंचर गेम बॉक्सशिवाय म्हणजे अर्धाच गेम. इन्फोकॉम कंपनीचा 'डेडलाइन' गेम घ्या, १९८२ चा. खुनाचा तपास करायचाय आणि साक्षीदारांचे जबाब, लॅबचा रिपोर्ट, घटनास्थळाचा फोटो, इतकंच काय गोळ्यांची पुडीसुद्धा बॉक्समध्ये! तेव्हाच्या फ्लॉपी डिस्कवर एवढा मजकूर मावेना म्हणून कागदावर छापला, आणि त्यातूनच बॉक्समध्ये अशा वस्तू द्यायची पद्धत पडली. जमवणाऱ्यांना लोक उगाच नावं ठेवतात.

पॉइंटक्लिक: अजिबात पटलं नाही. गेम म्हणजे कोडी, संवाद, गोष्ट, पुठ्ठा नाही. जुने गेम आजच्या उपकरणांवर चालवणारा स्कमव्हीएम हा प्रोग्रॅम २००१ पासून आहे, 'मंकी आयलंड' आज फोनवर मस्त चालतो, मॅन्युअलची पीडीएफ मिळते. आणि त्याच्या १९९० च्या बॉक्समधलं पुठ्ठ्याचं चाक, चाच्याच्या चेहऱ्याचे वरचे आणि खालचे अर्धे जुळवून दिसेल तो आकडा गेममध्ये टाकायचा, ते कॉपी रोखायला होतं, खेळाडूच्या आनंदासाठी नाही. त्यात आता सीलबंद बॉक्सला स्थितीनुसार ग्रेड लावून प्लॅस्टिकच्या कवचात बंद करतात, भाव वाढतात आणि ज्याला खरंच खेळायचंय तो बाहेरच राहतो. याला जपणं म्हणायचं?

फ्लॉपीप्रेमी: चाकाबद्दल मान्य. पण १९८९ चा इंडियाना जोन्सचा 'लास्ट क्रुसेड' बघ ना, त्याच्या बॉक्समध्ये ग्रेल डायरी होती, ग्रेल म्हणजे गोष्टीत शोधायचा तो पवित्र प्याला, तिच्यातली वर्णनं वाचल्याशिवाय शेवटी इतक्या प्याल्यांतला खरा कुठला ते कसं ओळखणार? ती डायरी हातात धरून पानं चाळत खेळणं हाच तर तो गेम आहे.

पॉइंटक्लिक: मग डायरी स्कॅन करा, झालं.

फ्लॉपीप्रेमी: १९८४ च्या 'हिचहायकर्स गाइड'च्या बॉक्समध्ये एक रिकामी पिशवी होती, आत म्हणे डोळ्यांना न दिसणारा अंतराळ ताफा. ती कशी स्कॅन करणार सांग!

सेक्टरझिरो: मधे बोलतो, कारण तुम्ही दोघंही डिस्क विसरताय. फ्लॉपीवरची माहिती चुंबकीय असते, वर्षांनुवर्षं पडून राहिली की वाचता येईनाशी होते, बुरशी लागते ती वेगळीच, आणि सीलबंद बॉक्समधल्या डिस्कचं नेमकं काय झालंय हे कुणालाच कळत नाही. म्हणून सील जपणाऱ्यांवर माझा खरा राग आहे. पण पॉइंटक्लिक, स्कमव्हीएम स्वतः गेम देत नाही रे, त्याला मूळ फाइल्स लागतात आणि त्या कुणाच्या तरी बॉक्समधूनच आल्यात. एकाच गेमच्या किती आवृत्त्या असतात, वेगळी भाषा, वेगळा संगणक, दुरुस्त केलेली नंतरची डिस्क. एखादी ओळखता आली नाही तर तो प्रोग्रॅम तसं सांगतो आणि टीमला कळवा म्हणतो. जमवणारे नसते तर यातलं बरंच काही गेलं असतं.

पॉइंटक्लिक: फाइल्सचं पटलं. म्हणजे बॉक्स उघडायचा, डिस्क वाचून घ्यायची, कागद स्कॅन करायचे आणि सगळ्यांना बघायला द्यायचे, एवढं कोणी करत असेल तर माझी तक्रार नाही. कपाटात कुलूपबंद ठेवून 'कलेक्शन' म्हणणाऱ्यांबद्दल मत तेच आहे. फ्लॉपीप्रेमी, तुझ्याकडे ती डायरी आहे का?

फ्लॉपीप्रेमी: आहे, कोपरे थोडे दुमडलेत पण सगळी पानं शाबूत आहेत.

सेक्टरझिरो: मग ६०० डीपीआयला, म्हणजे बारीक तपशील दिसेल असं, रंगीत स्कॅन कर, आणि पिना काढू नकोस, पान फाटतं.