४ टीबीच्या नव्या डिस्कवर जागा कमी दिसते. फॉरमॅट करताना कोणते पर्याय द्यावेत?

लगीनघाई: ४ टीबीची नवी डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल-प्रणाली, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) मध्ये फॉरमॅट केली, तर रिकामी असूनही उपलब्ध जागा ३.४ टीच दिसते. डेटा आज रात्रीच भरायचा आहे, म्हणून कृपया नेमके पर्यायच सांगावेत.

टर्मिनलवाला: डिस्कवर काय ठेवणार आणि ती विंडोजलाही जोडणार का, हे कळल्याशिवाय पर्याय कसे सांगणार?

खडूस: डिस्क सदोष नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि लिनक्स १०२४ च्या, त्यामुळे ४ चे ३.६४ होतात, त्यातून ५ टक्के जागा रूटसाठी (मुख्य प्रशासक खात्यासाठी) राखीव जाते, आणि दर १६ केबीमागे २५६ बाइटचा एक आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी एक नोंद) या हिशेबाने आणखी सुमारे ६२ जीबी आयनोडांच्या तक्त्यातच अडकतात.

सातबारा: ईएक्सटी४ ऐवजी एक्सएफएस ही फाइल-प्रणाली वापरा. त्यात आयनोड लागतील तसे तयार होतात, त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही.

खडूस: आणि उद्या विभाजन लहान करायचे झाले तर? एक्सएफएस वाढवता येते, पण आकसवण्याची सोय जवळजवळ नाहीच, हेही सांगावे.

सातबारा: डेटाची डिस्क लहान करायला कोण बसले आहे!

निवांत: बीटीआरएफएस ही फाइल-प्रणाली घ्यावी, तीत चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखणारे पडताळणीचे आकडे) असतात. अर्थात चेकसम म्हणजे बॅकअप नव्हे. दुसरी डिस्क घेतलीत का?

लगीनघाई: बॅकअपचे मी विचारलेलेच नाही. लग्नांच्या चित्रफिती आहेत, एकेक फाइल ५ ते २० जीबीची, आणि डिस्क फक्त लिनक्सलाच जोडणार. हे सांगायचे राहिले.

टर्मिनलवाला: हे आधी सांगितले असतेत तर! राखीव जागा 'ट्यून२एफएस -एम ०' ने नंतरही काढता येते, पण आयनोडांचे प्रमाण फॉरमॅट करतानाच ठरते, म्हणून डिस्क रिकामी आहे तोवर 'एमकेएफएस.ईएक्सटी४ -एम ० -टी लार्जफाइल' असे पुन्हा फॉरमॅट करा. मात्र यातला टी मोठ्या लिपीतला (कॅपिटल) द्यावा. मग दर एमबीमागे एकच आयनोड, म्हणजे सुमारे ३८ लाख फाइली मावतील, आणि तुम्हाला ते पुष्कळ झाले. लहान फाइलींचा ढीग टाकलात, तर मात्र जागा असूनही 'जागा शिल्लक नाही' असा संदेश येईल. सिस्टीमच्या डिस्कवर राखीव जागा शून्य करू नये.

लगीनघाई: केले. आता ३.७ टी दिसते (३.६४ चाच वरच्या बाजूला पूर्ण केलेला आकडा) आणि कॉपी सुरू आहे.

सातबारा: एक्सएफएसमध्ये एवढे करावेच लागले नसते.