माया ग्रंथ जाळणाऱ्या बिशपला माया लिपीच्या उलगड्याचे श्रेय द्यावे का?

परभणीकर (चर्चाप्रस्ताव)
दिएगो दे लांदा हा स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरू १५४९ मध्ये मेक्सिकोच्या युकातान प्रांतात गेला, तिथल्या मूळ रहिवाशांची, माया लोकांची भाषा उत्तम शिकला, आणि जुलै १५६२ मध्ये मानी या गावी त्याच भाषेचे चित्रलिपीतले ग्रंथ त्याने मूर्तींसह आगीत टाकले. मूर्तिपूजेच्या संशयावरून त्याने चालवलेल्या चौकशीत माया लोकांचा अमानुष छळ झाला आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. ग्रंथ जाळल्याचे लोकांना फार दुःख झाले, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. दहा वर्षांनी तो तिथलाच बिशप झाला. अशा माणसाला माया संस्कृतीचा आद्य अभ्यासक म्हणणे मला मान्य नाही.

लातूरची वाचक
आपला संताप रास्त आहे, पण निवाडा अपुरा वाटतो. लांदाने स्पॅनिश अक्षरांपुढे माया चिन्हे लिहून घेतली नसती, तर ती उच्चारखंडांची चिन्हे आहेत हे लिपीच्या उलगड्याचे सूत्र १९५२ मध्ये सोव्हिएत अभ्यासक युरी क्नोरोझोव यांनी कशाच्या आधारे मांडले असते? शिवाय मूर्तिपूजेने आत्म्याचा नाश होतो, ही त्या काळच्या मिशनऱ्याची प्रामाणिक श्रद्धा होती.

अंबाजोगाईकर
काळाची ढाल इथे चालणार नाही. त्याच १५६२ मध्ये युकातानात आलेले बिशप फ्रान्सिस्को दे तोराल हेही फ्रान्सिस्कनच होते. त्यांनी ही चौकशी थांबवली, कैद्यांना सोडले, आणि लांदाला स्पेनमध्ये जाऊन स्वतःचा बचाव करावा लागला. तिथे तो निर्दोष ठरला, ही गोष्ट वेगळी. लांदाला माहिती पुरवणारे गास्पार आंतोनियो ची हे माया विद्वान होते. श्रेयात त्यांचे नाव आधी यायला हवे. आपल्याकडे महानुभाव पंथीयांनी सकळ या सांकेतिक लिपीत पोथ्या लिहिल्या, पण ती वाचणारी परंपरा पंथात जिवंत राहिली, म्हणून पुढे त्या पोथ्या बाहेरच्यांनाही उलगडल्या. मायांची ती साखळीच तुटली.

लातूरची वाचक
तोराल यांचा मुद्दा मी स्वीकारते. मात्र अक्षरे आणि चिन्हांचा तो तक्ता ची यांनीच सांगितला असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि कोणीही सांगितला असला तरी कागदावर उतरवणारा लांदाच होता. तेवढे श्रेय मी त्याच्याकडून काढून घेणार नाही.

परभणीकर
तेवढे राहू द्या. पण नोंद करणारा म्हणून त्याचे नाव घेताना मानीचे नाव त्याच वाक्यात यावे, एवढा माझा आग्रह आहे.