प्रतिसाद: दारूबंदी उठली, भट्ट्या नाही विझल्या
वर एकांनी लिहिलंय की १९३३ला अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि डोंगरातल्या चोरट्या दारूच्या भट्ट्या आपोआप बंद पडल्या. हे मला पटत नाही. व्हर्जिनियातल्या ब्लू रिज डोंगराच्या कुशीतलं रॉकी माउंट हे गाव आणि त्याची फ्रँकलिन काउंटी (म्हणजे जिल्हा) बघा. तिथला गाजलेला खटला उभा राहिला तोच मुळी १९३५मध्ये! आरोप होता दारूवरचा केंद्रीय कर बुडवण्याच्या कटाचा.

डोंगराळ शेतात मका व्हायचा, पण तो वाहून बाजारात नेणं परवडत नसे. तोच मका गाळून दारू केली की ओझं कमी, पैसा जास्त. शिवाय ओढ्याचं गार पाणी हाताशी. पिंपातून जाणाऱ्या तांब्याच्या नागमोडी नळीभोवती ते खेळवायचं, की आतली वाफ थंड होऊन थेंब थेंब दारू पडते. पुढे मक्यापेक्षा साखरच जास्त वापरू लागले.

सगळ्यात चीड येते ती हप्त्याची. डेप्युटी शेरीफ, म्हणजे काउंटीचे पोलीस, भट्टीवाल्यांकडून दरमहा पैसे घ्यायचे, त्याला 'ग्रॅनी फी' म्हणत. तो द्यायला नकार देणाऱ्या बॉन्डुरंट या दारू गाळणाऱ्या भावांवर डेप्युटींनी डिसेंबर १९३०मध्ये पुलाजवळ गोळ्या झाडल्या. खटल्याआधी जेफ रिचर्ड्स या डेप्युटीचाही खून झाला. शेवटी बऱ्याच जणांना शिक्षा झाली, पण मुख्य आरोपी मानला गेलेला सरकारी वकील कार्टर ली निर्दोष सुटला. मग गुंड नक्की कोणाला म्हणायचं, भट्टीवाल्याला की बिल्लेवाल्याला?