खोटं नाही पण काहीतरी लपवणारं रडणं, याला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, एक शब्द हवाय. दादरला काउन्सेलिंगला जाते, मागच्या आठवड्यात परळच्या आमच्या खोलीचा विषय निघाला, रिडेव्हलपमेंटच्या कागदांवर दादाने माझी सही कशी घाईघाईत घेतली ते सांगत होते आणि 'सही' म्हणता म्हणता जे घळाघळा रडायला लागले ते टिश्यूचा अर्धा बॉक्स संपला. मॅडम थांबल्या, मग विचारलं, रडू यायच्या जस्ट आधी काय वाटत होतं? आठवून बघितलं तर राग! कान तापलेले अक्षरशः, आणि रडू आलं तसा राग कुठे गेला पत्ताच नाही. त्या म्हणाल्या रडणं हासुद्धा कधीकधी डिफेन्स असतो, म्हणजे न झेपणारी भावना मन नकळत दुसऱ्या कशाच्या तरी मागे लपवतं.

घरी सांगितलं तर आई म्हणे, "म्हणजे तू नाटक करतेस असं म्हणाली का बाई?"

नक्राश्रू नको, ते मुळात खोटे. गळा काढणं, भोकाड पसरणं यात टोमणा आहे. मुसमुसणं, स्फुंदणं, हंबरडा, यातून आवाज किती नि कसा तेवढंच कळतं, कशासाठी ते नाही.

> पुस्तकी शब्द 'संरक्षण यंत्रणा'. कल्पना सिग्मंड फ्रॉइडची, १८९४ पासूनची, नंतर मुलगी अ‍ॅना फ्रॉइडने १९३६ च्या पुस्तकात ती नीट मांडली. मेन मुद्दा हा की हे नकळत होतं, त्यामुळे 'नाटक' साफ चूक. पण यंत्रणा म्हटलं की मला बॉर्डरवरचं रडारच दिसतं.

> रडीचा डाव?

> नाही हो, रडीचा डाव माणूस जाणूनबुजून खेळतो. 'आडोसा' कसा वाटतो? पाऊस आला की आपण दुकानाच्या छपराखाली घुसतो तसं, राग झेपेना म्हणून रडण्याच्या आडोशाला गेली.

आडोसा आवडला! पावसात आडोशाला उभं राहिलेल्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. फक्त सगळ्या रडण्याला लावू नका, बाबा गेले तेव्हा ओक्साबोक्शी रडले तो काही आडोसा नव्हता, ते दुःखच होतं.

आईला ऐकवला शब्द. म्हणाली, "आडोसा? गावाला आम्ही आंघोळीला जायचो तो." तसाही बसतोय की.