जोडीने स्टेजवर चढलाय का कधी? (अनुभव धागा)

घाटवाली:
काल टीव्हीवर परत 'रब ने बना दी जोडी' लागला होता. 2008चा, शाहरुख-अनुष्काचा. नवराच मिशी काढून बायकोचा डान्स पार्टनर होतो आणि हिला पत्ताच नाही! हे म्हणाले, "तू ओळखलं असतंस मला?" म्हटलं, घोरण्यावरून.

मग साताऱ्यातल्या आमच्या मंडळाचा खेळ पैठणीचा आठवला. बायकांचे डोळे बांधले आणि पुरुषांचे हात पुढे केले, आपला नवरा ओळखा. हे एमआयडीसीत फिटर. अंगठ्याच्या मुळाशी पान्याचा घट्टा आणि नखात ग्रीस, कितीही घासा जात नाही. हात लागला की ओरडले, "हाच!" पुढच्या फेरीत फुगा फोडताना दोघंही आपटलो. पैठणी शेजारणीला, आम्हाला स्टीलचा डबा. अजून त्यात रवा असतो.

तुमचं सांगा.

हळदपेठ:
सांगलीकर हजर. बायकोला उखाणा घ्यायला लावला. "आयर्विन पुलाखालनं वाहतं कृष्णेचं पाणी, रावांना जमत नाय काम, जमतात नुसती गाणी." आख्खं मंडळ हसलं. सासरे पहिल्या रांगेत होते लका.

निवांत_पाटील:
@हळदपेठ खोटं काय बोलली वहिनी 😂

पेठेतली_सून:
नच बलियेचं पहिलं पर्व 2005चं ना? सचिन-सुप्रिया जिंकले. आम्ही तिघी जावांनी दिराच्या मोबाईलवरून एसेमेस केलेले. बिल आल्यावर घरात वेगळाच रिॲलिटी शो झाला. थांबा, दूध उतू जातंय

दोन_तिकिटं:
आम्ही पुण्याला ऑडिशनला गेलेलो, कुठल्या शोच्या ते सांगत नाही. नाच बसवला होता, तो धड पाहिलाही नाही. एक पोरगी वही घेऊन विचारत बसली, लग्नाला विरोध होता का, घर सोडलं होतं का, कोणी आजारी आहे का. आमचं कांदेपोहे, पत्रिका, हॉल, सगळं सरळ. ती म्हणाली, "मग जरा भांडून दाखवा ना." हिने तिथेच विचारलं, "गॅस बंद केलाय का?" आणि खरंच जुंपली. तरी घेतलं नाही.

निवांत_पाटील:
मग गॅस?

दोन_तिकिटं:
बंदच होता हो.

कोयनाकाकू:
आमच्या वेळी कुठलं स्टेज. हे कंडक्टर, पण एसटीतसुद्धा माझ्या शेजारी बसायचे नाहीत, लोक काय म्हणतील. होम मिनिस्टर 2004ला सुरू झालं तेव्हापासून मात्र रोज बघायचे. आदेशभावजी आपल्या घरी आले तर मी काय बोलू, म्हणून माझ्याकडून उत्तरं पाठ करून घ्यायचे. तीन वर्षं झाली जाऊन. टीव्ही त्या वेळेला मी लावत नाही.

घाटवाली:
काकू 🙏 काय उत्तरं पाठ केलेली?

कोयनाकाकू:
आवडती भाजी शेपू. त्यांना आवडायची गं, मला कुठं!

पेठेतली_सून:
आले परत, शेगडी पुसून. शेपूला मूगडाळ घालता का काकू?

हळदपेठ:
कोण साताऱ्याहून येतंय का शनिवारी? कंदी पेढे आणा, भडंग देतो.

निवांत_पाटील:
भडंग झणझणीत असेल तर येतो. गेल्या वेळचं नुसतं कुरमुरे होतं.

पेठेतली_सून:
आणि पैठणीला फॉल-बिडिंग चांगलं कोण करतं पोवई नाक्याजवळ? अर्जंट आहे.