अनुभव धागा: आयटीआय, अ‍ॅप्रेंटिसशिप, कौशल्य केंद्र... हाताला खरं काय लागलं?

दहावीचा निकाल लागला की आपल्या गावांत एकच चर्चा, पोरगं पुढे काय करणार? नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याचे कारखानदार म्हणतात कामाची माणसं मिळत नाहीत, आणि ट्रेड, म्हणजे आयटीआयचा एखाद्या कामाचा कोर्स, केलेली पोरं पुण्यात डिलिव्हरीच्या पिशव्या वाहतात. ज्यांनी ट्रेड केला, शिकवला किंवा शिकलेला माणूस शोधून दमले, त्यांनी लिहा. संस्थेचं नाव नको. काम नेमकं सांगा.

फिटर, वर्धा जिल्हा
दोन वर्षांचा ट्रेड. सुरुवातीला नुसती कानस. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, घासायचा, ट्राय स्क्वेअर, म्हणजे गुण्या, लावून उजेडाकडे पाहायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासा. वैताग यायचा. पण कारखान्यात बारीक माप घ्यायचा व्हर्नियर हाती दिला, ०.०२ मिमीपर्यंत वाचून दाखवला, तर तिथेच निवड झाली. पुढे सीएनसीसमोर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनसमोर, उभं केलं आणि गाडी अडली. आमच्या संस्थेत ती मशीन कव्हरखालीच असायची, थ्री-फेज कनेक्शनच नव्हतं.

शेतकरी, यवतमाळ
मी काही शिकेल नाही भाऊ, पण कारागीर शोधू शोधू थकलो. सौर पंपाची कुसुम योजना २०१९ ची, 'मागेल त्याला सौर कृषी पंप' २०२४ ची. पंप तं वावरात आले, दुरुस्तीवाला कुठी हाये? ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या टायमाले कंट्रोलरवर एरर. कंपनीचा माणूस येते-येते म्हणे, येच ना. शेवटी गावातलाच वायरमन झालेला पोट्टा बलावला. त्याले एसी मोटर पाठ, सौर पॅनलच्या डीसी करंटले हात लावाले भेत होता. फोनवर कोणाले तरी विचारून मीटर लावला, तं पॅनलखालचा कनेक्टर जळेल! काम एवढुसंच. ह्याच पोट्ट्याले आठ दिवस डीसीचं शिकवलं असतं तं माह्यं पीक नसतं सुकलं.

इलेक्ट्रिशियन, चंद्रपूर
मुलींना ३० टक्के जागा राखीव, त्यातून प्रवेश मिळाला. अ‍ॅप्रेंटिस म्हणून गेले तर साहेबांनी रजिस्टर लिहायला बसवलं. "पोरीला पॅनलवर कशाला?" म्हणे. अ‍ॅप्रेंटिसचा कायदा १९६१ चा, साहेब त्याहून जुने! एक हेल्परकाका जेवणाच्या सुटीत जुना स्टार्टर उघडून दाखवायचे. मोटर सुरू करायची स्टार-डेल्टा जोडणी मी तिथेच शिकले, डबा बाजूला ठेवून. यवतमाळच्या दादा, डीसी मलाही कोणी शिकवलं नाही.

सुशी, गोंदिया
शिलाईचा कोर्स केला. हजेरीचा अंगठा रोज, मशीन आळीपाळीने. नोकरी दिली ती थेट तमिळनाडूत. घरच्यांनी पाठवलं नाही. विषय संपला.

निदेशक (तासिका तत्त्वावर), अमरावती विभाग
वेल्डरचा ट्रेड वर्षाचा, आणि हात बसायला रॉड जाळावेच लागतात. आमच्याकडे पाकीट मोजून वापरायचं, एक पोरगं जाळतं नि बाकीचे काच धरून बघतात. म्हणून संध्याकाळी पोरांना ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे धाडतो. तिथे ट्रॉलीचं काम असतं, भंगाराचे तुकडे जोडून सराव होतो. हे नियमात बसतं का, विचारू नका.
वर्ध्याचे फिटरभाऊ, तुमच्याकडे वेल्डर घेतात का? दोन पोरं आहेत, उभं वेल्डिंग चांगलं मारतात. मेसेज करा.