प्रतिसाद: थेरं नाहीत, आजारही नाही

वर एकांनी लिहिलंय की शृंगारात हात बांधून घेणं वगैरे मुंबई-पुण्याची थेरं आणि मानसिक आजार. दोन्ही पटलं नाही. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, प्रौढांनी राजीखुशीने केलेलं असं काही नुसतं तेवढ्यावरून आजार धरलेलं नाही. आणि जळगाव-भुसावळच्या बंद दाराआड कोण डोकावलंय!

दोघांचा होकार हवा, हे मात्र खरं. खेळात 'नको नको' लटकंही असतं, म्हणून थांबायचा शब्द आधीच ठरवतात. आपल्याकडे 'भरीत' चालेल, त्या वेळी ते सहसा आठवत नाही. तोंड बांधलं असेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायचा. तो खाली पडला की तिथेच थांबायचं, विचारपूस नंतर. गळा आवळणं तर नकोच, शब्द ठरवूनही ते सुरक्षित होत नाही.